ड्रोनच्या हंगामातली कुलपं

साल २०२४. मृग नक्षत्राचे दिवस. आकाशात ड्रोन फिरतात आणि चोर वरून घरं हेरतात, अशी आवई बारामतीपासून इंदापूरपर्यंत उठली. ड्रोन मी पाहिला नाही. गिऱ्हाइकांची रांग मात्र पाहिली!

बारामतीत माझं कुलपांचं आणि चाव्यांचं दुकान आहे. शिक्षण चौथी. चाळीस वर्षांत माझ्या हातून एकाही घरची चावी भलत्याकडे गेली नाही. दुकानातली कुलपं विकली जातात, किस्से तेवढे साठून राहतात.

*

अंथुर्ण्याच्या एका बाईनं सगळ्यात जड कुलूप घेतलं. वर म्हणाली, "तात्या, पाच चाव्या करा. जाऊबाईला, नणंदंला, दूधवाल्याला आन शेजारी."

"आन पाचवी?"

"ती कुंडीखाली."

"मग कुलूप कशाला, बाई?"

"घर बंद दिसाया नको व्हय?"

*

शेळगावच्या दगडूरावांनी सात लिव्हरचं कुलूप नेलं. पुढं एकदा त्यांच्या दारात गेलो. कुलूप झोकात लटकत होतं, कोयंडा मात्र तारेनं बांधलेला.

"दगडूराव, तार ओढली की दार उघडंल."

"चोराला कोण सांगतंय? तुमी गप बसा म्हंजी झालं!"

*

दुकानामागच्या कॉलनीतल्या एका इंजिनिअरनं सीसीटीव्ही बसवला. कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्याच्या दाराकडं.

"तुमच्या दाराकडं का न्हाय?"

"आमच्यात चोरायला आहे काय!"

*

माझा मेहुणा पळसदेवचा. ऐटीत सांगू लागला, "आमच्याकडं चोरीमारी न्हाय. भ्या असलं तर तुमच्या शहरात." आणि दोन कुलपं मागितली.

"मग ही कशाला?"

"जत्रंला बारामतीचं पाव्हणं येणार हायत!"

*

त्याच कॉलनीत एक रिटायर मास्तर राहतात. त्यांच्या घराच्या चाव्या मीच केलेल्या. बायकोच्या पाटल्या दिसेनात, तेव्हा चहाच्या टपरीवर चौघांदेखत माझ्याकडं बघत म्हणाले, "चावी करणाऱ्याकडे एक जास्तीची असतेच की!"

मी चहा तसाच ठेवून उठलो. आठ दिवस कॉलनीतलं एकही गिऱ्हाईक दुकानात आलं नाही.

मग पाटल्या सापडल्या. ड्रोनला दिसू नयेत म्हणून मास्तरीणबाईंनीच त्या बाजरीच्या डब्यात पुरल्या होत्या. मास्तरांनाही सांगितलं नव्हतं!

मास्तर दुकानात आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "तात्या, चुकलं माझं."

"हितं कोण ऐकतंय? बोलला टपरीवर, फेडा बी तितंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर तेच चौघं होते. मास्तर बायकोला घेऊन, हातात पिशव्या, असे आले. घराची चावी माझ्या हातावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तात्या, पंधरा दिवस लेकीकडे चाललोय. पाटल्या बाजरीच्याच डब्यात आहेत."

मी चावी बंडीच्या खिशात टाकली.

"फिटलं," म्हणालो.