कुन्नूरची गाडी

आमचे घरमालक अण्णा गाडी चालवताना चकार शब्द बोलत नसत. उभ्या गाडीविषयी मात्र ते कुणाशीही बोलत. मी पुण्याहून येऊन मल्लेश्वरममध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो, तेव्हा घराचे नियम सांगण्याआधी त्यांनी मला गाडी दाखवली. लांबलचक बॉनेटची, गडद हिरवी, कापडी टपाची इंग्लिश गाडी. टप मागे दुमडला की तांबूस चामड्याच्या सीट आणि अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड दिसे. "स्वल्प हात लावा," ते म्हणाले, "भर उन्हातसुद्धा लाकूड गार लागतं बघा."

अण्णा बेळगावकडचे. विमानांच्या सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. ही गाडी त्यांना म्हैसूरजवळच्या एका पडक्या शेडमध्ये सापडली, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. ती चालती करण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली. एका संस्थानिकाने शिकारीसाठी ती विलायतेहून मागवली होती, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि अण्णा तेच सगळ्यांना सांगत. रविवारी सकाळी टप उघडून ते निघत. सिग्नलला लोक फोटो काढू लागले, की त्यांची मान आपोआप ताठ होई.

त्यांच्या पत्नी, अक्का, त्या गाडीत कधीच बसल्या नव्हत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. त्या सगळीकडे रिक्षाने जात. "राजाच्या गाडीतून भाजी कशी आणायची?" एवढंच म्हणत आणि विषय संपवत.

पुढे जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात एक वृद्ध गृहस्थ अण्णांच्या गाडीपाशी बराच वेळ रेंगाळले. दुसऱ्या दिवशी ते घरीच आले. डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या झाकणामागे खिळ्याने कोरलेला एक हत्ती आहे, असं त्यांनी झाकण न उघडताच सांगितलं. लहानपणी तो त्यांनीच कोरला होता. गाडी त्यांच्या आईची होती. कुन्नूरला त्यांचा चहाचा मळा होता. बंद गाडीत घाट उतरताना आईला मळमळायचं, म्हणून वडिलांनी उघड्या टपाची मागवली. संस्थानिकाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

अक्का कॉफी घेऊन आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "चालवायचं कोण?"

"आईच. वडिलांना येतच नव्हती."

पाहुणे गेल्यावर अक्का म्हणाल्या, "उद्यापासून मला शिकवा."

पुढच्या रविवारी अण्णांनी ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून, आजवर आपण चुकीचं सांगत होतो, हे सांगितलं आणि नवा इतिहास जुन्याइतक्याच उत्साहाने ऐकवला. मला त्यांच्याविषयी खरा आदर वाटला तो त्या दिवशी.

अक्का पाठीला उशी लावून शिकल्या. गियर जड होता, अण्णांचा जीव वरखाली होई. पण काही महिन्यांत मागच्या सीटवरून भाजी येऊ लागली. कोथिंबीर वाऱ्याने उडते, एवढी एकच तक्रार अक्कांनी केली.

मग अण्णांना कंपवात झाला. हात स्टिअरिंगवर ठरेना, तेव्हा त्यांनी स्वतःच किल्ली अक्कांच्या हातात दिली. औषधं वाढत गेली, झोप कमी होत गेली. याच सुमारास माझं लग्न झालं आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला राहायला गेलो. भेटी विरळ झाल्या.

गेल्या वर्षी अण्णा गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा अक्का शेवटच्या दिवसांविषयी शांतपणे बोलत होत्या. अण्णांना पलंगावर झोप लागत नसे. संध्याकाळी टप उघडून बाहेर काढलं, तोंडावर वारा आला, की लगेच डोळा लागे.

"पण गाडी थांबली की जागे व्हायचे," त्या म्हणाल्या. "म्हणून सिग्नल नसलेले रस्ते मी शोधून ठेवले होते. सँकी टँकच्या तळ्यामागच्या बाजूनं मी गाडी फिरवत राहायची."

"कंटाळा नाही यायचा?"

"छे." त्यांनी माझ्या पेल्यात आणखी थोडी कॉफी ओतली. "इतक्या वर्षांत माझ्या शेजारी ते असे निवांत कधी बसलेच नव्हते."