पिवळीजर्द वीजबाई

मूर्तिजापुरात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बबनभाऊ पेंटर दिवसातून वीस वेळा येऊन उभे राहत, पण एकदाही त्यांनी झेरॉक्स काढली नाही. समोरच त्यांची टपरी. चार फटकारे मारायचे, ब्रश कानावर खोचायचा, ऑटो-ट्रॅक्टर चुकवत रस्ता ओलांडायचा आणि माझ्या पायरीवरून डोळे बारीक करून स्वतःची पाटी बघायची, हा त्यांचा नेम. मी चिडवलं की म्हणत, "पाटीजवळ कोणी येत नाई ताई. पाटीनंच मानसाले बलावलं पायजे."

फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. रिकाम्या वेळात भाऊंचं जुनं वेड उफाळून आलं. रद्दीतल्या कॉमिक्सची मुखपृष्ठं त्यांनी वह्यांत चिकटवून ठेवली होती. कुणाची शैली बारीक रेघांच्या जाळ्याची, कुणाची ठिपक्यांची, कुणाची नुसत्या काळ्या सावल्यांची. शिकवणी घेतल्यासारखं ते मला समजावत. निरनिराळ्या कॉमिक्समधले वीर एकाच मुखपृष्ठावर आणून भिडवायचे, हा त्यांचा आवडता खेळ. पुढे वीरही घरचेच झाले, त्यांनी स्वतः रचलेले: बोटांतून करंट सोडणारी वीजबाई आणि काळ्या मातीचा डोंगराएवढा ढेकळ्या.

अमरावतीच्या एका प्रदर्शनात अशाच मुखपृष्ठांची स्पर्धा निघाली. पहिलं येईल ते चित्र एका नव्या मराठी कॉमिक्सवर छापणार होते. अर्ज मीच भरला. "ह्या हाताले आता काही काम हाये का नाई, येवढंच पाहाचं हाये ताई," भाऊ म्हणाले.

महिनाभर त्यांनी बारीक निबाने, परदेशी थाटात, ढेकळ्याच्या अंगावरची भेग न् भेग काढली. स्नायूंवर स्नायू. मी तर थक्क झाले. मग सवयीने कागद टपरीला टांगून ते माझ्या पायरीवर आले आणि त्यांनी वळून पाहिलं. तिथून नुसता मातीचा ढीग दिसत होता.

"दुसऱ्याचा हात हाये हा," एवढंच बोलून त्यांनी कागद गुंडाळला. तीन दिवस उरले होते. त्यांनी एका जुन्या पाटीचा पत्रा घासला आणि पाट्यांचाच ऑइलपेंट उघडला. काळाकुट्ट ढेकळ्या, त्याच्या खांद्यावर पिवळीजर्द वीजबाई, बोटाएवढ्या जाड रेघा, आणि वर लिहिलेल्या नावाला किराणा दुकानाच्या पाटीला देतात तशी लाल सावली.

प्रदर्शनातला तरुण चित्रं टेबलांवर मांडत होता. तो म्हणाला, "काका, एवढा मोठा पत्रा कुठे ठेवू?"

"कुठीबी ठेव बापू. पन दरवाज्यापासून लांब ठेव."

त्याने तो शेवटच्या भिंतीला टेकवला. दारातून येणारा प्रत्येक जण टेबलं मागे टाकून थेट त्या भिंतीकडे चालू लागला. परीक्षकसुद्धा. पहिला नंबर पुकारला तेव्हा टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले. भाऊ मात्र दारातच उभे होते, डोळे बारीक करून.

अंक निघाला तेव्हा आम्ही बडनेऱ्याला गेलो. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर वीजबाई टांगलेली. मी विकत घ्यायला पुढे झाले, तर भाऊंनी मला अडवलं, जिना चढायला लावला आणि पलीकडच्या फलाटावर नेलं. माझ्या गुडघ्यांनी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग मी समोर पाहिलं. रुळांपलीकडे एक पिशवीवाला म्हातारा स्टॉलवरून पुढे निघून गेला, थबकला, मागे वळला आणि त्याने अंक हातात घेतला.

"पाहा ताई," भाऊ म्हणाले, "बलावलं तिनं."