सरांचं नाक

आलमबागच्या मंडईत किडका फ्लॉवर मागून घेणारं एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते म्हणजे आमचे सर. “भैया, कीड़ेवाली गोभी है क्या?” भाजीवाल्याला तो अपमान वाटे. “बाबूजी, हमारे यहाँ सब ताज़ा माल है.” मग सर खालच्या आवाजात त्याची समजूत काढत, “यार, मुझे खराब ही चाहिए.”

मी अकोल्याहून लखनौला त्यांच्या हाताखाली संशोधन करायला आले होते. सरांना हवा असे तो फ्लॉवर नव्हे, त्यातल्या अळ्या. आमचा विषय होता झाडांचे वास. पान कात्रीने कापलं तर झाड फसत नाही. अळीने कुरतडलं, तिची लाळ जखमेला लागली, की झाड एक वेगळाच वास सोडतं. त्या वासाने शेजारची रोपं सावध होतात आणि एक बारीकशी माशी शोधत येऊन अळीच्या अंगात अंडी घालते. अळीचा कारभार तिथेच आटोपतो. “झाड ओरडत नाही, पळत नाही. वासावरच भागवतं बिचारं,” सर म्हणायचे.

वास मोजायला यंत्र होतं, पण सर आधी स्वतः हुंगत. काचघरात केसांना तेल लावून यायची बंदी होती. लग्नाहून अत्तर लावून आलेल्या एका सहकाऱ्याला त्यांनी दिवसभर व्हरांड्यात बसवलं होतं. मला म्हणत, “वास आला नाही तर नाही म्हणायचं. मला खूश करू नकोस.”

अळ्यांचे डबे सरांच्या जानकीपुरमच्या घरी फ्रिजवर असत. “लोक कुत्री पाळतात, आमच्याकडे हे,” सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या आणि अळ्यांना कोवळी पानं घालायच्या.

मग कोविडमध्ये काकू गेल्या. त्याच आजारपणात सरांचं नाक गेलं, ते परत आलंच नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी मला फोनवर एका दमात, एकाच आवाजात सांगितल्या. मला रडू आलं नाही. कामावर आल्यावर ते सवयीने कुंडीवर वाकले, थोडा वेळ तसेच राहिले आणि बाजूला झाले. “तू बघ,” म्हणाले. तेव्हापासून मी बघत गेले.

निवृत्तीनंतर ते लेकीकडे नागपूरला निघाले. आवराआवरीला मी गेले, तेव्हा त्यांनी काकूंचं कपाट उघडलं.

“हिचा वास असेल अजून, तर साड्या नेतो. नसेल तर वाटून टाकू. मला काही कळत नाही.”

मी साड्यांत तोंड घातलं. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला. खोटं बोलावंसं फार वाटलं.

“डांबरगोळ्या, सर. बाकी काही नाही.”

“बरं,” ते म्हणाले. एक रिकामं खोकं ओढून घेतलं आणि पहिली साडी माझ्या हातात दिली. तिची एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी, आणि आम्ही घडी घातली.