आपटखोलीतली बाई

आमची ही विमान आपटते. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. मी शिंपी माणूस, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता थट्टा करतोही, पण हे खरं आहे. विमानांच्या कारखान्यात अगदी टोकाला एक उंच शेड आहे. तिथे क्रेनला अख्खं जेट विमान टांगतात, वर ओढतात आणि सोडून देतात. सोडायचं बटण हिच्या हातात. आमच्या घरात त्या शेडचं नाव आपटखोली.

का आपटतात तेही सांगतो. शिकाऊ वैमानिकांचं एक चांगलं, गुणी जेट होतं, पण जमिनीवरचं; आता नौदलाला ते विमानवाहू जहाजावर उतरवायला हवं होतं. लांबलचक धावपट्टी असली की विमानाला घाई नसते. शेवटी जरा नाक उचलायचं, तरंगायचं आणि हळूच टेकायचं. जहाजावर तेवढी जागा कुठली? तिथे डेकवर आडव्या तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. आकडा तारेत अडकला तर विमान थांबतं. तरंगत बसलं तर तारा मागे राहतात आणि पुढे समुद्र. म्हणून जहाजावर विमान टेकवत नाहीत, सरळ आपटतात. ते या जेटच्या पायांना झेपणारं नव्हतं. नवे पाय करायचं ठरलं आणि ते टिकतात की मोडतात हे बघायचं काम हिच्या वाट्याला आलं.

पहिल्यांदा विमान सोडलं तेव्हा डावा पाय कडकन मोडला. पाय आखणारा इंजिनिअर, भला माणूस, तोंड पाडून बसला. आणि हिने काय करावं? कँटीनमधून केक आणून सगळ्यांना वाटला.

"बाई, माझा पाय मोडलाय आणि तुम्ही केक वाटताय?"

"इथेच मोडला ना? मग खा."

पुढे पाय जाड झाले, सांधे बदलले, धक्का पिणारा आतला दट्ट्या लांब झाला, आणि दर मोडतोडीला केक ठरलेलाच. इंजिनिअरसाहेबांच्या विजारी सैल करता करता माझ्या नाकीनऊ आले.

दिवसभर असला दणदणाट ऐकून आलेल्या बाईला घरी काय हवं असणार? शांतता. साधं झाकण पडलं तरी ही दचकायची. म्हणून मी खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी मोजे शिवले, दारांना कापडाची पट्टी लावली, आणि माझं शिलाई मशीनसुद्धा गादीवर बसवलं. वर हिचं सदान्‌कदा चालू, "हळू ठेव." आमची एकुलती एक लेक या "हळू ठेव"वरच वाढली. मांजरीच्या पावलांनी चालायची. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे मूल आहे हेच मुळी कळत नाही.

ही लेक पुढे नौदलात वैमानिक झाली आणि आईच्याच जेटवर शिकणाऱ्या पहिल्या तुकडीत निवडली गेली. मी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. जहाजावर उतरायचं हे तिचं शाळेपासूनचं स्वप्न होतं.

आणि एक दिवस ती सुट्टीवर आली ती चेहरा पाडूनच.

"बाबा, मला बहुतेक परत पाठवतील," ती टेबलाशी बसून म्हणाली. "धावपट्टीवर जहाजाचा डेक रंगवलाय, त्यावर सराव चालतो. बाकी सगळं जमतं. पण शेवटच्या क्षणी माझा हात आपोआप नाक वर घेतो. विमान तरंगत तारांच्या पुढे जाऊन टेकतं. सर म्हणतात, इतकं सुंदर उतरणारी मुलगी आम्ही पाहिली नाही, आणि जहाजावर तिचा काडीचा उपयोग नाही. पुढच्या आठवड्यात शेवटची परीक्षा. नाही जमलं तर जहाज विसरायचं."

एवढं बोलून तिने चहाचा कप बशीत ठेवला. जरासुद्धा आवाज झाला नाही.

"घ्या! कपसुद्धा तरंगत उतरवते," मी म्हणालो आणि हसलो.

ही हसली नाही. कपाकडे बघत राहिली, मग खुर्च्यांच्या मोज्यांकडे, मग माझ्याकडे, जसं काही मोजे मी माझ्याच हौसेने शिवले होते.

"हे माझ्यामुळे झालंय," ही म्हणाली. "आपट तो कप."

"आई!"

"आपट म्हणते ना!"

लेकीने कप उचलला, जोरात खाली आणला आणि बशीच्या बोटभर वर तिचा हात थांबला. टक्. मग सुरू झाली शिकवणी. हिने झाकणं आपटून दाखवली, पातेली आपटली, दारं आपटली. मी माझी कात्री लपवून ठेवली. लेकीचा हात काही केल्या ऐकेना. शेवटी ती रडकुंडीला आली.

"आई, कप फुटला तर फुटला. तिथे आत मी असते गं!"

 दुसऱ्या दिवशी परवानगी काढून ही तिला आपटखोलीत घेऊन गेली. जेट उडायला लागलं तरी तिथलं काम थांबलेलं नव्हतं. उडणाऱ्या कुठल्याही विमानापेक्षा टांगलेलं विमान जास्त वेळा पडलेलं असलंच पाहिजे, असा त्यांचा नियम. तिथे काय झालं ते लेकीनेच मला नंतर सांगितलं.

ही नेहमीसारखी ओरडली, "खाली कोणी?" कोपऱ्याकोपऱ्यातून उत्तर आलं, "कोणी नाही!" मग हिने लेकीचं बोट धरून बटणावर ठेवलं.

धाडकन! लेकीने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा विमान पायांवर जरा दबून पुन्हा वर आलं होतं आणि मजेत उभं होतं.

"मोडलं नाही," लेक म्हणाली.

"आता नाही मोडत. मोडायचं ते सगळं इथेच मोडून घेतलंय." मग हिने विमानाच्या पायावर हात ठेवला. "तू वैमानिक व्हायचं म्हणालीस ना, तेव्हापासून दर वेळी तू आत बसली आहेस असं समजूनच मी बटण दाबते. पाय मोडला की केक का वाटायचे, कळलं? आता तू फक्त सोड. सांभाळायचं काम या पायांचं."

इतकी वर्षं संसार केला, पण हे मला ठाऊक नव्हतं. मला रडूच आलं, तेही गिऱ्हाइकासमोर.

लेक परीक्षेत पास झाली. मग खऱ्या जहाजाचा दिवस उजाडला. ही रजा टाकून फोनसमोर बसली, आणि मी एका शर्टाला दोन्ही बाजूंनी काजं करून ठेवली. फोन वाजला.

"वाजलं का गं?" हिने विचारलं.

"आई, दात वाजले! पहिल्याच फेरीत तार पकडली!"

हिचा जीव भांड्यात पडला. मी लगेच कात्री काढली आणि लेकीच्या खुर्चीचे मोजे उसवले. बाकीच्या खुर्च्यांकडे वळलो तर ही म्हणाली, "अहो, पुरे. तिची तेवढी वाजू दे."

आता लेक सुट्टीवर आली की खुर्ची करकरत ओढते आणि धपकन बसते. झाकण पडलं तरी दचकणारी ही त्या आवाजाला मुळीच दचकत नाही. मागच्या सुट्टीत मात्र खुर्चीचा पाय कडकन मोडला आणि लेक फरशीवर आपटली. मी तिला उठवायला धावलो. ही केक आणायला धावली.