यमुनाकाकूंच्या काटेरी कळ्या

आमच्या बेला गावात यमुनाकाकूंकडे जेवलं, की हात धुवायला मोरीत नाही, वाडीतल्या झाडाशी जायचं. विहिरीचा तळ माघातच दिसे. मी एकदा विसरून रस्त्यावर चूळ टाकली, तर म्हणाल्या, "काऊन वं, रस्त्याले तहान लागली होती का?"

त्यांचा मुलगा प्रकाश हैदराबादला हॉटेलात स्वयंपाकी. बापाशी भांडून गेलेला. बाप वारला तेव्हा तेवढा आला, मग चार वर्षं नाही. एकदा त्याच्या पाकिटातून बिया आल्या. पत्र मीच वाचलं. 'याला आर्टिचोक म्हणतात. कळी खातात, उमलायच्या आत. आपल्याकडं होते का बघ. झाली तर कापायला मी येईन.' काकूंनी शेवटचं वाक्य तीनदा वाचायला लावलं.

दसऱ्यानंतर त्यांनी तुरीच्या आडोशाला सहा रोपं लावली. प्रत्येकाशी एक झिरपतं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि त्यात तांदूळ धुतलेलं पाणी. पानं आली करडी, काटेरी. लोक विचारत, "काकू, उंटकटारा पेरला का?"

"हसा. पोरगा येऊन राह्यला माहा."

फाल्गुनात मुठीएवढ्या कळ्या धरल्या. मी पत्र टाकलं. आठ दिवस गेले, कळ्या सैल पडायला लागल्या, म्हणून मी विळा घेऊन गेले. काकूंनी तो माझ्या हातातून काढून पदराखाली ठेवला. "तो कापीन म्हणला न. मंग म्या कशी कापू?"

प्रकाश दुपारच्या लाल बसनं उतरला, तेव्हा सहाही झाडांवर जांभळी फुलं आणि मधमाश्या.

"माय, आता हे खाता येत नाई."

"तू तं आला न."

मग त्यालाच फांद्यांच्या बेचक्यांत बारक्या कळ्या दिसल्या. "ह्याईले पंधरा दिवस लागतीन."

"मंग ऱ्हाय," म्हणून काकू भाकरी थापायला गेल्या.

पंधरा दिवसांनी त्यानं कळ्या उकडल्या, पाकळीचा गर दातांनी खरवडून खायला शिकवलं. "एवढ्या पान्यात साऱ्या गल्लीले वांगे झाले असते, बापा," काकू म्हणाल्या, आणि शेवटची कळी त्याच्याच ताटात सरकवली.

वैशाखात झाडं वाळली. मी उपटायला वाकले, तर म्हणाल्या, "राहू दे. मेलं नाई ते, खाली जाऊन बसलं." खरंच, पाऊस पडल्यावर कोंब आले. पुढं दरवर्षी कळ्यांच्या दिवसांत प्रकाश येई.

काकू गेल्या त्या अशाच एका वैशाखात. तेराव्याची पंगत उठली, माणसं मोरीकडे निघाली. प्रकाश तांब्या घेऊन वाडीत गेला, वाळक्या खुंटाशी बसला आणि त्यानं सावकाश हात धुतले. मग आम्हीही एकेक करून त्याच्यामागं गेलो.