खाचराच्या बांधावर माडाची झावळी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि त्याला सबळ कारण आहे... आंदर मावळातली निम्मी भुतं तरुणपणी मीच होतो. पांढरं धोतर, काठीला टांगलेला कंदील आणि आमराईत काढलेला एक बरा आवाज – एवढ्या भांडवलावर मी गावातल्या भल्याभल्यांना पळवलंय. तेव्हा पुढचं वाचताना ‘गणपतराव थापा मारतात’ असं वाटलं, तर खुशाल वाटू द्या. पण या प्रकरणात मी काहीच केलेलं नाही. हीच तर माझी तक्रार आहे!

लढाईच्या काळात मी पलटणीत स्टोअरवर होतो. सिंगापूर पडलं आणि आम्ही जपान्यांच्या हाती सापडलो. त्यांनी आम्हाला बोटीत कोंबून पूर्वेकडच्या बेटांवर मजुरीला न्यायला काढलं. वाटेत बोट फुटली आणि एका फळीला धरून मी एका बेटाला लागलो. बेटाचं नाव सांगून उपयोग नाही. नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल एवढंच ते.

किनाऱ्यावर, पाण्यातच खांब रोवून उभी केलेली मूठभर घरं. त्या लोकांनी मला लपवलं, लढाई संपेपर्यंत पोसलं. आणि जेवायला काय? साबुदाणा! तिथे तो झाडाच्या खोडातून निघतो. खोड फोडायचं, आतला गाभा कुटून पाण्यात धुवायचा, तळाशी बसलेल्या पिठाची खळ शिजवायची आणि माशाच्या कालवणाबरोबर न चावता गिळायची. म्हणजे रोज एकादशी, आणि एकादशीला रोज मासे. या उपासाचं पुण्य लागतं की पाप, ते अजून कुणी मला सांगितलेलं नाही.

तिथल्या म्हाताऱ्या पुढाऱ्याला सगळे ‘बापा’ म्हणत. त्याची भाषा मोडकीतोडकी यायला लागल्यावर एकदा मी त्याला माझं दुःख सांगितलं. ओढ्याकाठी माझं एकच भाताचं खाचर, आणि त्यावर चुलतभाऊ सोपानचा डोळा. मी मेलो असं समजून तो त्यात नांगर घालणार, आणि माझी बायको पार्वती उघड्यावर पडणार. बापाला आधी काही समजेना. तिथे जमीन सगळ्या वस्तीची असते, झाड तेवढं लावणाऱ्याचं. पण हावरट भाऊबंद म्हणजे काय, ते मात्र त्याला लगेच समजलं!

त्यांच्यात एक रीत होती. तिला ते ‘सासी’ म्हणत. एखादी माडाची बाग किंवा समुद्राचा तुकडा राखायचा असला, की पुढारी तिथल्या खांबाला माडाची कोवळी झावळी विणून बांधायचा आणि शंख फुंकायचा. मग तो स्वतः सोडेपर्यंत तिथल्या वस्तूला कुणी शिवायचं नाही. खाली पडलेला नारळ कुजून जायचा, पण पोरंसुद्धा उचलायची नाहीत.

“तुझ्या शेताला बांधू,” बापा म्हणाला.

“अहो बापा, माझं शेत समुद्रापलीकडे!”

“मग? समुद्र म्हणजे काय भिंत आहे?”

त्यानं माझ्या खाकी शर्टाच्या खालच्या काठाची एक पट्टी टरकन फाडली. त्याच्या बायकोनं तिथेच मासेमारीच्या जाळ्याच्या सुतळीनं ठिगळ लावलं होतं. पट्टी झावळीत विणून त्यानं ती किनाऱ्यावरच्या खांबाला बांधली. सगळे हसले, सर्वांत मोठ्यानं मी. निघायच्या दिवशीही ती तिथेच फडफडत होती – मी हात लावून पाहिलं. हे ध्यानात ठेवा.

घरी आलो तो पेरणीच्या आधी. कामशेतला उतरलो आणि चालत गाव गाठलं. अंगणात पार्वती काही पाखडत बसली होती. तिनं मला पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “आधी पाय दावा.”

मी पाय दाखवले. उलटे नव्हते. मग ती रडली. आणि डोळे पुसून होतात न होतात तोच – “खाचरात त्ये काय सोंग बांधून ठिवलंय तुमी?”

“मी? अगं, मी आत्ता येतोय!”

“तुमच्याबिगर असली सोंगं कोन करतंय?”

खाचरावर गेलो. बांधावरच्या जांभळीला माडाची झावळी! आमच्याकडे माड औषधालाही नाही. झावळीत खाकी पट्टी, पट्टीवर ठिगळ, ठिगळाला सुतळीचा टाका. किटबॅगमधून तो फाटका शर्ट काढून लावून पाहिला... मोडलेल्या भाकरीचे दोन तुकडे जुळावेत तसा जुळला. पुन्हा लावला, पुन्हा जुळला. पार्वतीचं लक्ष भलतीकडेच.

“ह्यो टाका कुन्या बाईचा?”

“म्हातारी हाय गं ती! तोंडात दात न्हाईत.”

“टाक्याला दात कशाला लागत्यात?”

मग तिनं मागचं सांगितलं. मी तिकडे बेटावर असतानाच एका सकाळी झावळी तिथे दिसली. त्यानंतर सोपान नांगर घेऊन आला, तर बैल बांधावर अडले ते अडलेच. रागानं तो एकटा आत उतरला आणि ओरडत बाहेर पळाला. “गुडघाभर पानी लागलं! वढतंय!” खाचर तर कोरडं ठणठणीत. त्यानं गावभर केलं की वैनीनं करणी केली. तेव्हापासून पार्वतीला कुणी हळदीकुंकवालाही बोलावेना. आणि गंमत अशी, की तिलाही आत पाय टाकता येईना! जमीन वाचली, पण पडीक राहिली. ती दुसऱ्यांच्या खाचरात लावणी करून पोट भरत होती.

“घरात दाना न्हाई,” ती म्हणाली. “बियानं मागून आनलंय, रोपांसाठी राब भाजून ठिवलाय. यंदा लावलं न्हाई तर काय खायचं?”

मी गाठ सोडायला गेलो. सुटेना. विळा लावला, तो घसरला. आत उतरलो... थंड पाणी गुडघ्याला लागलं आणि मागं ओढू लागलं. डोळ्यांना मात्र भेगाळलेली माती दिसत होती. ते पाणी माझ्या ओळखीचं होतं. इतके महिने त्याच्यावरच तर झोपलो होतो.

सासी सोडण्याचा सोहळा मी तिथे पाहिला होता. म्हटलं, आपणच करू. देवळातल्या गुरवाकडून शंख आणला, गाव गोळा केलं, आणि बैलांसमोर उभं राहून बापाचं भाषण सुरू केलं. निम्मं विसरलो होतो, त्या जागी ड्रिलचे हुकूम घातले. ‘अटेन्शन’सुद्धा म्हणालो. गाव गार! बैल मात्र जागचे हलेनात.

आणि मग आठवलं. तिथे सासी सोडताना आधी मालक जात नसे. ज्याच्या भीतीनं ती बांधली, त्याला पुढं घालत. आणि आतलं पहिलं पीक साऱ्या वस्तीत वाटत.

“सोप्या, तू उतर.”

“दादा, मला बुडवतोस व्हय?”

“कोरड्या खाचरात कोन बुडतंय रं?”

“मी बुडत हुतो!” तो बैलांच्या आड सरकला. सोंग नव्हतं ते. सोंग मला लांबून ओळखू येतं.

तेवढ्यात पार्वती पुढं झाली. बैलांचा कासरा सोडून एक टोक तिनं त्याच्याकडे टाकलं. “धरा, भावजी. ह्या टोकाला मी हाय. वढलं तर मीबी येते तुमच्यासंगट.”

जिला तो चेटकीण म्हणत आला होता, तिच्याकडे त्याला पाहवेना. मान खाली घालून त्यानं पाय टाकला. मग दुसरा. मध्यावर जाऊन तो मटकन खाली बसला आणि मुठीत माती घेऊन रडायला लागला.

“कोरडं हाय, वैनी... कोरडं हाय!”

त्याच्यामागून बैल बाजाराला निघाल्यासारखे आत शिरले.

आम्ही वळून पाहिलं, तर जांभळीवर झावळी नव्हती. खालीही नव्हती. बांधावर फक्त खाकी पट्टी पडली होती – ओली, आणि तिला मासळीचा वास.

तळेगावच्या एका मास्तरांनी मला समजावलं, की कोकणातून घाट चढून आलेल्या कुणीतरी ती झावळी टांगली असेल. असेल. पण माझ्या शर्टाचा काठ त्याच्याकडे कसा गेला? बेटावर ज्या पट्टीला मी हात लावला, ती कोणती? आणि खाचरातलं ते पाणी? मास्तर म्हणाले, “विचार करून सांगतो.” हल्ली रस्ता बदलून जातात.

आता आम्ही लोणावळ्याला असतो. खाचर सोपान बघतो, आणि दरवर्षी पहिला आंबेमोहर घरोघर वाटला जातो. पट्टी पार्वतीनं गोधडीत शिवली. त्या म्हातारीचा टाका तिनं उसवला नाही, शेजारी आपला एक घातला. मधूनच ती पट्टी हाताला ओली लागते. “तिकडं भरती आली आसंल,” पार्वती म्हणते आणि कूस वळवून झोपून जाते.

गाव अजून म्हणतं, हे गणप्याचंच सोंग. पहिल्यांदा मी शपथा घेऊन नाही म्हणायचो. आता गप्प बसतो. कारण नाही म्हटलं, की लोक लगेच विचारतात... मग कुणाचं?