जास्तीच्या वस्तूंची बरणी

आमच्या घरात एक काचेची बरणी आहे. पूर्वी साखरेची होती, आता जास्तीच्या वस्तूंची. आमचे हे काहीही खोलून परत बंद करतात तेव्हा एखादा स्क्रू, एखादी स्प्रिंग हमखास उरते. मग ती बरणीत जाते. "कंपनीवाले जास्तीचे लावतात गं, उगाच." मिक्सर, पंखा, इस्त्री, सगळ्यांचं काही ना काही त्या बरणीत आहे. इस्त्री तेव्हापासून तापत नाही, पण हलकी झाली म्हणून हे खूश.

उभं आयुष्य कचेरीत शिक्के मारण्यात गेलं आणि निवृत्त झाल्यावर यांच्या अंगात मेकॅनिक संचारला. खरा मेकॅनिक कोपऱ्यावरच आहे. पण त्याचं नाव काढायची सोय नाही. "तो? लुटारू आहे नुसता!" बिल्डिंगमधली माणसं यांना तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि पाठीमागे 'खोलकर'.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यातला एक पिकलेला. "आता लांबवू नका, डोळा हातचा जाईल," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हा कुठे ऑपरेशनची तारीख ठरली. मी म्हटलं, टॅक्सीने जाऊ. झालं! "दारात गाडी असताना? लोक काय म्हणतील?"

आणि त्याच आठवड्यात गाडीचा सेल्फ जळाला. सेल्फ म्हणजे चावी फिरवली की इंजिनाला उठवणारी मोटर. दुसऱ्याचं तोंड उतरलं असतं, यांचं खुललं. नवा सेल्फ आणला, गाडीखाली सतरंजी टाकून आडवे झाले आणि टॉर्च धरायला मला उभं केलं. जिला एका टॉर्चचे दोन दिसतात, तिला!

सेल्फ बसला. चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

मग तपास सुरू झाला. बॅटरी चार्ज करून आणली. टक्. बॅटरीची टोकं पॉलिश पेपरने घासली. टक्. फ्यूज बदलले, सेल्फला हातोडीने हळूच ठोकलं, मग जोरात ठोकलं, मग शिव्या घातल्या. शेवटी वॉचमनने मागून धक्का दिला तर गाडी लगेच चालू! "बघितलंस? इंजिन उत्तम आहे. दुकानदारानेच माल खराब दिला." नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय!

ऑपरेशनच्या दिवशी वॉचमनच्याच कृपेने निघालो. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरीणबाईंनी यांच्यासमोर सांगितलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, कसलाही जोर लावायचा नाही. यांनी शहाण्यासारखी मान डोलावली. डोळ्यावर पट्टी घेऊन मी गाडीत बसले. टक्.

हॉस्पिटलच्या फाटकाशी धक्का द्यायला चिटपाखरूही नव्हतं. हे जरा घुटमळले. मग म्हणाले, "अगं, उतरून जरासा धक्का देतेस? हलकासाच. पुढे उतारच आहे."

मी उतरले. हे गिअर टाकून तयार बसले. मी सरळ रस्त्यावर गेले, टॅक्सीला हात केला आणि घरी आले. वाटेत असं भडभडून आलं म्हणून सांगू! पण डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं, मग रडायचीही चोरी.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काय लख्ख दिसायला लागलं! यांच्या कानामागचं ग्रीस दिसलं, कपाटावरची बरणी दिसली. आणि बरणीत, सगळ्या स्क्रूंच्या वर, एक जाडजूड काळी वायर, दोन्ही टोकांना बोल्टची भोकं असलेली.

"ही हो कुठली?"

"ती होय? अर्थिंगची. इंजिनाकडून बॉडीला जाते. आता बॅटरीची एक तार बॉडीला आहेच की, म्हणून ही जास्ती..." म्हणता म्हणता यांनी बरणी खाली उतरवली. सेल्फ इंजिनावर बसतो आणि या वायरीशिवाय त्याला पुरती वीजच मिळत नाही, हे आत्ता कुठे डोक्यात शिरत होतं.

"अहो," मी म्हटलं, "देवाने मला दोन डोळे दिलेत. त्यातला एकही जास्तीचा नाही."

हे उठले. वायर घेऊन खाली गेले. थोड्या वेळाने चावी फिरली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी खिडकीतच उभी होते. जन्मात पहिल्यांदा यांनी वर बघून "बघितलंस?" म्हटलं नाही.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी गाडी सकाळपासून दारात उभी होती, धुऊन-पुसून, इंजिन चालू ठेवून. मी टॅक्सीने गेले. हे मागून रिकामी गाडी घेऊन आले.